बदलीवाला : गिरणीचे फाटक आणि कामावरचे मन

मराठीत ‘बदली’ हा शब्द दोन ठिकाणी दोन निराळ्या अर्थांनी नांदला. सरकारी कचेरीत बदली ही घटना असते. माणूस तोच राहतो, जागा बदलते. मुंबईच्या कापड गिरण्यांत मात्र जागा तीच राही आणि माणूस बदले, म्हणून तिथे बदली हे माणसाचेच नाव झाले. कारकुनाची बदली होई. गिरणीतला माणूस बदली असे. तो दहा दहा, पंधरा पंधरा वर्षे बदली असे, आणि घरी, चाळीत, सोयरिकीच्या बोलणीतही ‘मुलगा गिरणीत बदली आहे’ असेच त्याच्याविषयी सांगितले जाई. एखाद्याच्या अनुपस्थितीवर ज्याचे अस्तित्व अवलंबून आहे अशा माणसासाठी इतका नेमका आणि इतका कोरडा शब्द लोकभाषेने तयार करावा, ही गोष्ट मला नेहमी विचार करण्यासारखी वाटत आली आहे.

बदलीचा दिवस भोंग्याच्या आधी सुरू होई. पहाटे तो गिरणीच्या फाटकाशी येऊन उभा राही. कायम कामगार आत जात, खात्याखात्यांतून हजेरी होई, कोणाचा खाडा पडला आहे ते कळे आणि मग जॉबर फाटकापाशी येई. त्याची नजर उभ्या असलेल्या घोळक्यावरून फिरे. तो दोघातिघांना बोटाने बोलावी, बाकीचे परतत, किंवा दुसऱ्या पाळीची वाट पाहत रस्त्याच्या कडेला बसून राहत. आज काम मिळेल की नाही हे त्या एका नजरेवर ठरे, आणि ती नजर कोणाच्या कौशल्याचा हिशेब ठेवीलच असे नव्हते. घरून निघताना भाकरी बांधून घ्यावी की न घ्यावी, हा बदलीच्या संसारातला रोजचा प्रश्न होता.

ह्या फाटकाचा इतिहास लिहायचा तर एका जुन्या आरोपापासून सुरुवात करावी लागते. मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी दावर ह्यांनी १८५४ मध्ये काढली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत मालकांनी, व्यवस्थापकांनी आणि सरकारी चौकशी मंडळांनी गिरणी कामगाराविषयी जे लिहून ठेवले आहे, त्यात एक तक्रार पुनःपुन्हा येते : हा माणूस कामात मन घालीत नाही. तो खात्यातून उठून बाहेर रेंगाळतो, विडी ओढतो, चहा पीत बसतो, वारंवार खाडे करतो, पेरणीला आणि शिमग्याला गावी पळतो, आज ह्या गिरणीत तर उद्या त्या गिरणीत जातो. १९०७-०८ च्या फॅक्टरी लेबर कमिशनने ह्या रेंगाळण्याची खास नोंद घेतली आहे. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला, तेव्हाची ही गोष्ट. ह्या कमिशनचे एक सभासद, मद्रासचे डॉ. टी. एम. नायर ह्यांनी आपली भिन्नमतपत्रिका जोडून लांब तासांनी कामगाराच्या शरीराची होणारी झीज निदर्शनास आणली. पण एकूण सूर बदलला नाही. कामगार मूळचा शेतकरी, यंत्राची शिस्त त्याच्या अंगी नाही, हे स्पष्टीकरण सर्वांनाच सोयीचे होते.

ते किती खरे होते? अमेरिकन अर्थेतिहासकार मॉरिस डेव्हिड मॉरिस ह्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मुंबईच्या गिरण्यांची कागदपत्रे तपासून ह्या समजुतीला प्रथम मोठा धक्का दिला. गिरण्यांना माणसांची टंचाई अशी फारशी कधी भासली नाही, आणि जी बेशिस्त दिसते ती कामगाराच्या खेडवळपणातून आलेली नसून गिरण्या ज्या पद्धतीने माणसे ठेवीत आणि वागवीत तिच्यातून आली आहे, असे त्यांचे म्हणणे. पुढे राजनारायण चंदावरकर ह्यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात हा धागा अधिक खोल नेला. कापडाच्या बाजारातील चढउताराचा धोका मालकांनी स्वतःच्या अंगावर न घेता तो खाली ढकलला, आणि मागणी असेल तेव्हा घ्यायचे व नसेल तेव्हा सोडायचे असे सैल मनुष्यबळ हाताशी ठेवले, हे त्यांनी तपशिलाने दाखवले. तेव्हा प्रश्न उलटा विचारला पाहिजे. ज्या जागेवर आपण उद्या असू की नाही हे ठाऊक नाही, आणि जिथे आपल्याला माणूस म्हणून हाक मारली जात नाही, तिथे मन घालावे तरी कशात?

अस्थैर्य आणि अवमान ह्या दोन गोष्टी गिरणीत वेगवेगळ्या नव्हत्या. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे जॉबर. कामगार त्याला मुकादमही म्हणत. बायकांच्या वायंडिंग आणि रीलिंग खात्यांत त्याच जागी नायकीण असे. जॉबर हा गिरणीच्या व्यवस्थेतील विलक्षण माणूस होता. तो माणसे भरती करी आणि काढीही. रजा तो देई, बदली तो निवडी, आणि बिघडलेला साचाही तोच दुरुस्त करी. गिरणीबाहेर पुष्कळदा तो कर्ज देणारा असे, खोली मिळवून देणारा असे, वाणी आणि खानावळवाली ह्यांच्याकडे शब्द टाकणारा असे. कामावर लागताना त्याला दस्तुरी द्यावी लागे, आणि लागल्यावरही ती देणे चुकत नसे.

ह्यातला साचा दुरुस्त करण्याचा भाग नीट समजून घेण्याजोगा आहे, कारण जिभेचा संबंध पोटाशी कसा येई ते त्यावरून उमगते. विणकराची मजुरी उतरलेल्या कापडावर असे. साचा बंद पडला की मजुरी बंद. साचा चालू करून देणारा जॉबर, आणि तो आधी कोणाच्या साच्याकडे जाईल हे त्याच्या मर्जीवर. सूत चांगले की तुटके हेही पुष्कळदा त्याच्याच हाती. म्हणून जॉबरने शिवी दिली तर ती गिळणे हा स्वभावाचा प्रश्न उरत नसे. तो महिनाअखेरच्या पगाराचा प्रश्न होई. जो उलट बोलेल त्याचा साचा उभा राही. बदलीची गत तर आणखी वाईट, कारण त्याला उभा करायला साचाही लागत नसे. त्याच्यावरून नजर पुढे सरकली की झाले. सतत धाक असलेल्या ठिकाणी सभ्यतेची गरज कोणालाच उरत नाही. अरे-तुरे, आईबहिणीवरून शिव्या, आणि प्रसंगी हात, हे गिरणीच्या कामकाजाचे रोजचे व्याकरण होऊन बसले होते. ह्या व्याकरणात ‘तुम्ही’ हे सर्वनाम वरच्या दिशेनेच जाई.

जॉबरला निव्वळ खलनायक ठरवणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. तोही मधलाच होता. वर खात्याचा मास्तर त्याला तशाच भाषेत बोले, आणि उत्पादन उतरले नाही तर त्याचीही गच्छंती होई. त्याची सारी सत्ता माणसे पुरवण्याच्या ताकदीवर उभी होती. गावचा, भावकीचा, वाडीचा विश्वास गेला तर माणसे दुसऱ्या जॉबरकडे जात आणि त्याची किंमत संपे. म्हणून तो दमदाटी करी तसा अडीनडीला धावूनही जाई. संपांच्या काळात काही जॉबर मालकांकडे राहिले, काही कामगारांच्या पुढे चालले. ज्या हाताने पाठीत थाप पडे त्याच हाताने धक्का बसे, आणि दोन्हींचा हिशेब कामगाराला ठेवावा लागे.

‘खाडा’ हा आणखी एक शब्द. एक दिवस गैरहजर राहिल्याबद्दल दोन दिवसांची मजुरी कापण्याची रीत गिरण्यांत होती. तिला डबल खाडा म्हणत. खराब उतरलेले कापड विणकराच्या माथी मारून त्याची किंमत पगारातून वळती करून घेण्याचीही चाल होती. आणि पगार तरी वेळेवर कुठे? एकोणिसाव्या शतकात तो महिना, दीड महिना मागे ठेवला जाई, म्हणजे माणूस मध्येच सोडून गेला तर त्याची कमाई गिरणीतच राहावी. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा जो अर्ज तयार झाला, त्यातील मागण्या ह्या दृष्टीने वाचण्यासारख्या आहेत. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, आणि अपघात झाला तर भरपाई. पगार वाढवून द्या असे ह्या यादीत नाही. आपला दिवस, आपली कमाई आणि आपले शरीर ह्यांवर थोडा भरवसा मागितला आहे. रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडले.

भरवशाचे पारडे एकदाच, आणि फार थोडे दिवस, कामगाराच्या बाजूला झुकले. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेगचा उद्भव झाला आणि पुढच्या काही महिन्यांत शहर रिकामे होऊ लागले. गिरण्या माणसांवाचून उभ्या राहण्याची वेळ आली. महिना महिना पगार अडकवून ठेवणाऱ्या गिरण्या रोजच्या रोज मजुरी देऊ लागल्या. रस्त्यांच्या कोपऱ्यांवर मजुरांसाठी अक्षरशः लिलावासारखी बोली होऊ लागली, आणि एका गिरणीचा माणूस दुसरी गिरणी वाटेतच पळवू लागली. त्या दिवसांत मालकांना प्रथमच माणसे अस्थिर असण्याचा त्रास कळला. त्यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र ‘कामगार कृतघ्न आहे’ असा होता. साथ ओसरली, लोक परतले, आणि फाटकावरचा जुना क्रम पुन्हा सुरू झाला.

गावाचा संबंध येथे आणला पाहिजे, कारण मालकांच्या तक्रारीचा तो मुख्य आधार होता. गिरणी कामगारांत रत्नागिरी जिल्ह्याची माणसे सर्वांत अधिक. घाटावरच्या सातारा, पुणे ह्या भागांतील त्यांच्या खालोखाल. ही माणसे वर्षाकाठी गावी जात हे खरे आहे. पण आजारात, बेकारीत आणि म्हातारपणी ज्या ठिकाणी हक्काने जाता येईल असे त्यांना गावाखेरीज दुसरे काय होते? गिरणीने निवृत्तिवेतन दिले नव्हते, आजारपणाची सोय केली नव्हती. कोकणातल्या दोन गुंठे भातजमिनीने आणि घरी राहिलेल्या बायकोच्या कष्टाने ती केली होती. कामगार गावाला धरून राहिला तो शहरात पाय टेकायला जागा नव्हती म्हणून. गंमत अशी की बदलीची पद्धतही काही अंशी ह्याच गावाला उपयोगी पडली. गावी जाणारा माणूस आपल्या जागी चुलतभावाला, मेहुण्याला उभे करून जाई. जागा घरातच राही, आणि नवा मुलगा साच्यावर हात बसवून घेई. एकाचे अस्थैर्य ही दुसऱ्याची रजा होती. त्यामुळे कायम आणि बदली हे दोन वेगळे वर्ग नव्हते. एकाच खोलीत, एकाच खानावळीत, बहुधा एकाच आडनावाखाली ते राहत.

मुंबई सोडून थोडे दक्षिणेकडे पाहिले तर अवमानाचे वजन अधिक स्पष्ट दिसते. मद्रासमध्ये बकिंगहॅम आणि कर्नाटक ह्या गिरण्या बिनी कंपनीच्या ताब्यात होत्या. त्या कामगारांसाठी शाळा चालवीत, आणि चांगल्या गिरण्या म्हणून त्यांचा लौकिक होता. तरी एप्रिल १९१८ मध्ये पेरांबूर येथे बी. पी. वाडिया ह्यांच्या अध्यक्षतेखाली मद्रास लेबर युनियन स्थापन झाली ती ह्याच गिरण्यांच्या कामगारांची, आणि भारतातील सुरुवातीच्या पद्धतशीर संघटनांत तिची गणना होते. तक्रारी कोणत्या होत्या? मजुरीची होती, पण त्याबरोबर दुपारच्या सुट्टीची होती : अर्ध्या तासात जेवून, हात धुऊन, पुन्हा फाटकात शिरणे होत नाही, दहा मिनिटे वाढवून द्या. आणि दुसरी, युरोपियन अधिकारी अंगावर येतात, मारतात, अपमान करतात. कल्याणाच्या योजना आणि अपमान एकाच आवारात सुखेनैव राहू शकतात, आणि त्यांतला कोणता आधी टोचतो, हे पेरांबूरच्या माणसांनी दाखवले. कलकत्त्याच्या ताग गिरण्यांविषयी दीपेश चक्रवर्ती ह्यांनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात जे लिहिले आहे, तेही ह्याच वाटेने जाते. तिथे जॉबरच्या जागी सरदार आहे, पण दस्तुरी तीच.

अवमान नेहमी वरूनच येतो असे मानले तर मात्र मुंबईच्या गिरणीची अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल. विणाई खाते हे चांगल्या मजुरीचे खाते. धोट्यात नवी कांडी भरली की सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढावे लागे, आणि ते तोंडाने ओढून काढण्याची पद्धत होती. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून सवर्ण विणकर अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना ह्या खात्यात येऊच देत नसत. त्यांना कमी मजुरीच्या खात्यांत राहावे लागे. पिण्याच्या पाण्याची सोयही वेगळी. हा नियम मालकाच्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नव्हता. तो साच्यावर उभ्या असलेल्या, स्वतः शिव्या खाणाऱ्या, स्वतः उद्याची शाश्वती नसलेल्या माणसांनी पाळला होता. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला, तेव्हा त्यांच्याकडून मिळालेला प्रतिसाद उत्साहाचा नव्हता. ज्या माणसाला खात्याच्या उंबऱ्यावरच अडवले जाते, त्याच्या कामावरील निष्ठेची मोजदाद कोणत्या पट्टीने करायची? मराठीतील कामगार चळवळीच्या इतिहासलेखनाने ह्या धोट्याजवळ जितके थांबायला हवे होते तितके ते थांबलेले नाही.

१९२८ चा संप एप्रिलमध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबरच्या आरंभी मिटला. सुमारे दीड लाख माणसे सहा महिने बाहेर होती. त्यामागे एक साधी भीती होती. दोन साचे चालवणाऱ्या विणकराने तीन चालवावेत, सूतखात्यातल्या माणसाने एकाऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, अशा ‘कार्यक्षमते’च्या योजना ससून समूहाच्या आणि इतर काही गिरण्यांत आल्या होत्या. तिसरा साचा म्हणजे कोणाची तरी गेलेली जागा, हे गणित समजायला शाळेची गरज नव्हती. ह्या संपातून गिरणी कामगार युनियन, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘लाल बावटा’, उभी राहिली. श्रीपाद अमृत डांगे, मिरजकर, आळवे, कासले ही नावे पुढे आली, आणि वर्षअखेरीस तिच्या सभासदांची संख्या पन्नास हजारांवर गेली.

ह्या युनियनचे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे काम म्हणजे गिरणी समित्या. गिरणीगणिक कामगारांनी आपल्यातून निवडलेली माणसे खात्यातील तक्रार घेऊन थेट व्यवस्थापकाकडे जाऊ लागली. जॉबरने शिवी दिली, अमक्याचा साचा मुद्दाम बंद ठेवला, तमक्याला विनाकारण काढले, ह्या गोष्टी पहिल्यांदाच तक्रार ह्या सदरात आल्या. तोवर ते नशीब होते. मालकांनी ह्या समित्यांना शिस्तीत ढवळाढवळ करणारी भूतावळ मानले, आणि १९२९ मध्ये चौकशा झाल्या तेव्हा त्यांच्यावर कठोर ताशेरे ओढले गेले. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी पुढाऱ्यांना पकडून नेले. पाठोपाठचा संप फसला, आणि समित्याही विरल्या. त्या जेमतेम काही महिने चालल्या असतील. पण त्या महिन्यांत ‘उत्तर देणे’ ह्या क्रियापदाला गिरणीत नवा अर्थ आला होता.

जॉबरच्या हाती माणूस देणे घातक आहे, हे सरकारी कागदावर स्पष्टपणे आले ते १९३१ मध्ये. व्हिटली ह्यांच्या अध्यक्षतेखालील शाही आयोगाने, ज्याचे एक सभासद आपले ना. म. जोशी होते, भरती आणि बडतर्फी जॉबरकडून काढून घ्यावी, लेबर ऑफिसर नेमावेत, स्त्रियांच्या खात्यांतून शिकलेल्या स्त्रिया पर्यवेक्षक असाव्यात अशा शिफारशी केल्या. मुंबईत लेबर ऑफिसरची नेमणूक १९३४ च्या कायद्याने झाली. १९३५ मध्ये गिरणी मालक संघाने बदली नियंत्रणाची योजना आणली : दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक माणसांना बदली कार्डे द्यायची, त्यांनी रोज सकाळी हजर राहायचे, आणि रिकाम्या जागा आधी त्यांच्यातून भरायच्या. १९३६ च्या पगारविषयक कायद्याने दंडाला मर्यादा घातली. रुपयामागे अर्धा आणा, त्याहून अधिक नाही. डबल खाड्याच्या काळापासून हा पल्ला लहान नाही. तरी कार्डाने नेमके काय बदलले ते पाहिले पाहिजे. फाटकावरचा घोळका रांगेत उभा राहू लागला आणि नजरेच्या जागी नोंदवही आली. पण उभे राहणे तसेच राहिले. कार्ड हे कामाचे वचन नव्हते. रोज येण्याचे बंधन मात्र होते.

स्वातंत्र्यानंतर कायद्याने बदलीची दखल घेतली, तीही मोठ्या सूक्ष्मतेने. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ मध्ये जी कलमे घातली गेली, त्यांत बदली कामगाराची व्याख्या आहे. हजेरीपटावर ज्याचे नाव आहे अशा दुसऱ्याच्या जागी काम करणारा तो बदली. त्याची सलग एक वर्षाची नोकरी भरली की ले-ऑफच्या भरपाईपुरता तो बदली समजला जाणार नाही. आणि सलग वर्ष म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस. त्या दिवसापासून २४० हा आकडा गिरणगावातल्या पोरांनाही पाठ झाला. २३० च्या आसपास आपले काम कसे कमी होऊ लागते, ह्याच्या तक्रारी पुढे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू आल्या.

ज्ञानाच्या क्षेत्रात ह्या अनुभवांना नावे फार उशिरा मिळाली. नोकरीच्या असुरक्षिततेची शास्त्रीय चर्चा ग्रीनहाल्ग आणि रोझेनब्लाट ह्यांनी अमेरिकेत १९८४ मध्ये मांडली. माणूस कामात स्वतःला ओततो किंवा काढून घेतो हा विचार विल्यम कान ह्यांनी १९९० मध्ये. आणि कामाच्या ठिकाणचा बारीकसारीक उद्धटपणा हा स्वतंत्र अभ्यासविषय अँडरसन आणि पीअरसन ह्यांनी १९९९ मध्ये केला. ह्या संशोधकांच्या डोळ्यांपुढे आधुनिक कचेऱ्या होत्या. त्यांचे निष्कर्ष थोडक्यात असे : भीतीने आणि हेटाळणीने माणूस लगेच काम सोडत नाही, तो आतून थोडा थोडा दूर होतो. ‘अंग राखून काम करणे’, ‘पाट्या टाकणे’ हे वाक्प्रचार मराठीत त्याआधीपासून होते, आणि ते कुणा मनोवैज्ञानिकाने घडवलेले नव्हते.

तरीही कामगाराचे कामावर प्रेम नव्हते असे जर ह्यावरून कोणी म्हणेल, तर त्याने खंडेनवमीच्या आणि दसऱ्याच्या दिवसांतली गिरणी आठवावी. साचे पुसून लख्ख केलेले, त्यांना झेंडूच्या माळा, कुंकवाची बोटे, नारळ, पेढे. बायकामुले नटूनथटून खात्यात आलेली, आणि बाप आपला साचा पोरांना दाखवतो आहे. पूजा गिरणीची नव्हती, मास्तराची तर नव्हतीच. ती हत्याराची होती. तुटलेला धागा दिसण्याआधी त्याचा आवाज ज्यांना कळे, यंत्राच्या घरघरीतला बारीक फरक ज्यांच्या कानाला झोपेतही ओळखू येई, अशी माणसे गिरण्यांतून हजारांनी होती. मन कामावर होते. गिरणीवर नव्हते, आणि चौकशी मंडळांनी ह्या दोहोंत फरक केला नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपाच्या मागण्यांत पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती, आणि १९४६ च्या ज्या औद्योगिक संबंध कायद्याने एकाच मान्यताप्राप्त संघटनेला बोलण्याचा अधिकार दिला होता, तो रद्द करण्याचीही होती. म्हणजे पुन्हा त्याच दोन गोष्टी : उद्याची जागा आणि आजचा आवाज. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो झिजत गेला. हजारो माणसांना पुन्हा आत घेतले गेले नाही, गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या, आणि त्यांच्या जमिनींना त्यांच्या कापडाहून अधिक भाव आला. कायम आणि बदली ह्यांच्यातले अंतर ह्या पडझडीत आपोआप मिटले. सारेच फाटकाबाहेर होते. मराठी रंगभूमीवर ह्या काळाचे सर्वांत धारदार चित्र जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये १९९७ साली उमटले. त्याचे नावच पुरेसे बोलके आहे. पुढे नीरा आडारकर आणि मीना मेनन ह्यांनी २००४ मध्ये गिरणगावातील माणसांच्या तोंडून ऐकलेला इतिहास ग्रंथरूपाने सिद्ध केला. चौकशी मंडळांच्या अहवालांशेजारी तो ठेवून वाचावा. दोन्हींत एकाच गिरणीविषयी लिहिले आहे, हे ध्यानात यायला वेळ लागतो.

२०१२ च्या जूनमध्ये गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या घरांची पहिली सोडत मुंबईत निघाली. घरे सात हजारांच्या आत होती आणि अर्ज दीड लाखाच्या आसपास. अर्जदाराने १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर आपण गिरणीच्या पटावर होतो हे सिद्ध करायचे होते. त्यासाठी पत्र्याच्या ट्रंका उघडल्या गेल्या, गावाकडच्या माळ्यावरची गाठोडी सोडली गेली. पगाराची चिठ्ठी, विम्याचा क्रमांक, तिकीट नंबर, पासाचा एखादा विटका तुकडा. गिरणी जमीनदोस्त होऊन तिथे उंच इमारत उभी राहिलेली असताना, आपण तिच्या आत होतो ह्याचा पुरावा घेऊन म्हातारी माणसे, आणि जी राहिली नव्हती त्यांच्या बायका, पुन्हा एकदा एका खिडकीसमोर रांगेत उभ्या राहिल्या.